सिस्टर आणि गच्चीचं कुलूप

माझं मनगट माझ्या नवऱ्यानं जितक्या वेळा धरलं नसेल, तितक्या वेळा आमच्या बिल्डिंगमधल्या सिस्टरांनी धरलं. तेही न विचारता. जिन्यात गाठ पडली की कशी आहेस, कुठे निघालीस, असलं काही नाही. हातातली भाजीची पिशवी खाली ठेवायलाही उसंत न देता मनगट पकडायचं, छातीवर उलटं लावलेलं घड्याळ दुसऱ्या हातानं उचलायचं, ओठ हलवत मोजायचं आणि निकाल सुनवायचा. "एकशे बारा. दोन मजल्यांना एकशे बारा! लाज वाटते काय?"

लाज कसली, मला संताप यायचा. कोण ही बाई, आणि माझ्या नाडीशी हिचं काय घेणं?

त्यांच्या तावडीतून कुणी सुटलं नाही. दूधवाला नाही, पोस्टमन नाही, गॅसचं सिलिंडर चढवणारा तर नाहीच. एकदा निवडणुकीला उभा राहिलेला एक उमेदवार हात जोडत दारात आला, तर यांनी त्याचे जोडलेले हात सोडवून एक हात ताब्यात घेतला. बरोबरचे कार्यकर्ते बघतच राहिले. सिस्टर म्हणाल्या, "एकशे चार. बसल्या जागी फुगलायस. तू गावाचं काय भलं करनार, आदी सोताचं बघ."

त्यांचं खरं नाव घरपट्टीच्या बिलावर असेल, आमच्या तोंडी ते कधी आलंच नाही. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात हृदयरोग्यांच्या वॉर्डात त्यांनी तीस वर्षं काढली होती. माहेर वसईचं, पाचूबंदरजवळचं. आई मासळी विकायची, भाऊ होडीवर जायचा. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर विरारला फुलपाड्यात आमच्या बिल्डिंगीत पहिल्या मजल्यावर एक खोली-किचन घेतलं आणि अंगावरचा पांढरा गणवेश उतरवला, घड्याळ मात्र काढलं नाही. रविवारी चर्चला जातानाही ते साडीवर लावलेलं असे. मुंबईत आयुष्य गेलं तरी बोलणं घरचंच राहिलं होतं, आणि रागावल्या की ते आणखी घरचं व्हायचं.

आता त्या नाहीत. पण अजून कुठे हृदयदिनाची रंगीत जाहिरात दिसली, 'तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चालण्याचा खास वर्ग' वगैरे, की माझं डोकं फिरतं. चालण्याचा वर्ग! चालणं कुणाला शिकवायला लागतं का, असं मी म्हणणार नाही. लागतं. माझ्याच घरात लागलं होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. ह्यांना चव्वेचाळिसाव्या वर्षी ऑफिसात अटॅक आला. घाम फुटला, डावा हात जड झाला. सहकाऱ्यांनी वेळेवर इस्पितळात नेलं म्हणून वाचले. बारा दिवसांनी घरी आणलं, आणि तिथून आमचा मूर्खपणा सुरू झाला. आमचा म्हणते, कारण त्यात मीही होते.

सावंतवाडीहून थोरले दीर आले, जाऊबाई आल्या, सासूबाई आल्या, डोंबिवलीहून नणंद आली. सगळ्यांचं प्रेम खरंच होतं, त्याबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. पण त्या प्रेमानं माझ्या नवऱ्याला पलंगाला खिळवलं. उठू नको. वाकू नको. हात धुवायला परात तिथेच. पेपर वाचायचा तर पान नणंद उलटणार. आधी हे संकोचायचे, मग सवय झाली, आणि मग ते घाबरायला लागले. एक हात कायम छातीवर. पेला उशाशी असला तरी "अगं, पाणी दे" म्हणून मला हाक. जो माणूस पंप बंद पडला की दोन भरलेल्या बादल्या घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढायचा, त्याला तीन आठवड्यांत पाण्याचा पेला उचलवेना.

त्या बादल्या आता मी चढवत होते. दुसऱ्या मजल्यावर धापा टाकत उभी होते, तर सिस्टर समोर.

"नवरा कुठंय तुजा?"

"सिस्टर, त्यांना अटॅक आला ना."

"मंग? अटॅक पायाला आला काय?"

मी बादली तिथेच आदळली. काय वाटेल ते बोलले. तुमच्या काळजाच्या जागी दगड आहे म्हणाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझं मनगट धरून मोजलं. मी हात हिसडून घेतला.

तिसऱ्या दिवशी त्या घरात आल्या. बेल वाजवून, चपला काढून, सरळ आतल्या खोलीत. नणंद ह्यांना चमच्यानं पेज भरवत होती. सिस्टरांनी चमचा तिच्या हातातून काढून ह्यांच्या हातात दिला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "इस्पितळातून घरी सोडताना दिलेला कागद आन."

कागद टीव्हीखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत होता. त्यातल्या गोळ्या आम्हाला पाठ होत्या. सिस्टरांनी कागद उलटा केला. मागच्या बाजूला चार ओळी होत्या, त्या त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवल्या. रोज सपाट जागी चालणे. पाच मिनिटांपासून सुरुवात, हळूहळू वाढवणे. घरातली हलकी कामं करणे. छातीत दुखल्यास थांबणे.

घरात सहा माणसं. सगळी शिकलेली, पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारी. त्या कागदाची मागची बाजू एकानंही वाचली नव्हती! आजही ते आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो, आणि तो दुसऱ्या कुणावर नाही, माझ्यावरच.

सासूबाई चिडल्या. "तुम्ही कोण सांगणार? मुलगा आमचा आहे."

"मी कोन?" सिस्टरांचा आवाज चढला. "तीस वर्सं तुमच्यासारख्यांचे मुलगे मी वॉर्डातून चालत घरी धाडले. त्यातले किती तुमी लोकांनी झोपवून परत आनले! तुमी ह्याला जपला नाय, आजी. ठेवलाय. शोकेसमधल्या बाहुलीसारखा. काळीज हाय ते, बसून सुधरत नाय."

दुसऱ्या दिवशी थोरले दीर जाऊबाईंना घेऊन रागानं सावंतवाडीला निघून गेले, नणंदही डोंबिवलीला परतली. सासूबाई राहिल्या, बोलायच्या मात्र बंद झाल्या.

सिस्टरांचे व्यायाम बघून मला आधी हसू आलं होतं. कसली उपकरणं नाहीत, काही नाही. जेवणाच्या टेबलाची खुर्ची घ्यायची आणि हात न टेकता उठायचं, बसायचं. पाच वेळा. भिंतीपासून हातभर लांब उभं राहून तळवे भिंतीला लावायचे आणि सावकाश भिंतीकडे जायचं, मागे यायचं. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. मग पलंगापासून बाल्कनीपर्यंत फेऱ्या. एकदम सुरू करायचं नाही, एकदम थांबायचं नाही. जेवल्यावर लगेच नाही. जिभेखालची गोळी शर्टाच्या खिशात हवीच. छाती आवळली, घाम आला, गरगरलं, तर तिथल्या तिथे थांबायचं आणि हाक मारायची. "मर्दानगी दाखवलीस तर मी येनार नाय," असं बजावून ठेवलेलं.

आणि सगळ्यात मोठा नियम बोलण्याचा. चालताना बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त झाला. पण गाता येत असेल तर "तू चालत नायस, टाइमपास करतोस." आता हे मुळातच घुमे. चालताना बोलणार काय? शेवटी पाढे म्हणायला लागले. अकरा पावलं बाल्कनीपर्यंत, अकरा परत, आणि तोंडानं सतरा एके सतरा. सासूबाई दारातून बघत पदर डोळ्यांना लावायच्या. त्यांना वाटलं, मुलाच्या डोक्यावर परिणाम झाला.

मलाही सोडलं नाही. "तू टाचा का उचलत नायस?" "सिस्टर, मला वेळ कुठे आहे?" "दूध उतू जायल म्हनून ओट्याशी खांबासारखी उभी ऱ्हातेस, तो वेळ कोनाचा?" मी रागानं टाचा उचलायला लागले. त्या रागाच्या टाचा मी आजही उचलते.

एवढा हट्ट ही बाई का करते, ते मला एकदाच कळलं. संध्याकाळी त्यांच्या दारात उभी होते. त्या मासळी साफ करत होत्या आणि मान वर न करता बोलल्या. त्यांच्या भावाला असाच झटका आला होता. तेव्हा त्या वॉर्डात नव्या होत्या. घरी सुट्टीवर आल्या आणि आईनं जे केलं ते त्यांनीही केलं. भावाला होडीवर जाऊ दिलं नाही, जाळं हातात घेऊ दिलं नाही, बंदरावर एका ओट्यावर बसवून ठेवला. होडी दुसऱ्याच्या हाती गेली. "काळजानं नाय मेला तो," सिस्टर म्हणाल्या. "दोन वर्सं बसून ऱ्हायला. दुसऱ्याच्या होड्या येतात-जातात ते बघत. आमीच बसवला त्याला. मी नर्स होते, आनी मी बसवला." मग पाण्यात हात धुतले आणि मला म्हणाल्या, "जा, नवऱ्याची फेरी चुकनार."

घरात चालून ह्यांची तब्येत सुधारली. डॉक्टरही म्हणाले, आता ऑफिसला जायला हरकत नाही. पण भीती जाईना. एकटे जिना उतरायचे नाहीत. रजा संपत आली होती आणि ह्यांनी एक दिवस मला सांगितलं की राजीनामा लिहून ठेवलाय. चव्वेचाळिसाव्या वर्षी! मला नाही झेपणार म्हणे. डॉक्टर सांगतात झेपेल, सिस्टर सांगतात झेपेल, मी हात जोडून सांगते झेपेल. ह्यांचं एकच, "तुम्ही मला बरं वाटावं म्हणून बोलता."

"बाहेर काढायला पायजे ह्याला," सिस्टर म्हणाल्या. चंदनसारच्या रस्त्यानं नेऊन बघितलं. फूटपाथ नावाची गोष्ट नाही, गटारासाठी सगळं खणून ठेवलेलं, आणि विटांचे ट्रक असे अंगावर येतात की धडधाकट माणसाचंही काळीज तोंडात यावं. एका ट्रकनं हॉर्न मारला आणि हे रस्त्याच्या कडेला मटकन बसले. त्यानंतर आठ दिवस पुन्हा पलंग.

आमच्या बिल्डिंगला गच्ची होती. मोठी, सपाट, चारी बाजूंनी कठडा, वर मोकळं आकाश. आणि दाराला कुलूप. हे गच्चीच्या कुलपाचं खूळ आपल्या लोकांच्या डोक्यात कुणी भरवलं देव जाणे. घर घेताना गच्ची सगळ्यांची असते, आणि राहायला आलं की एकाची होते. आमच्याकडे ती सेक्रेटरींची होती. ते पहिल्या मजल्यावर सिस्टरांच्या समोर राहायचे आणि किल्ली त्यांच्या देवघराशेजारच्या खिळ्यावर असायची. कारणं विचारा. पोरं पतंग उडवतात. वाळवणं चोरीला जातात. आणि सगळ्यात नामी कारण म्हणजे वर माणसं चालली की स्लॅबला हादरे बसून गळती होते.

"हत्ती चालवनार नाय रे मी," सिस्टर त्यांना म्हणाल्या, "तीन पेशंट चालवनार." बिल्डिंगमधली आणखी दोन वयस्कर माणसं एव्हाना त्यांच्या हाताखाली आली होती. सकाळी सहा ते सात एवढाच वेळ मागितला. रीतसर अर्ज केला. समितीनं तो रीतसर फेटाळला.

मग सिस्टरांनी जिना धरला. रोज सकाळी सहाला तळमजल्यापासून पहिल्या मजल्यापर्यंत तीन पेशंटांची वरात. एक मजला चढायचा, वर ठेवलेल्या खुर्चीत बसायचं, नाडी मोजायची, उतरायचं. खुर्ची बरोबर सेक्रेटरींच्या दाराशी. आणि चालताना बोलायचं, हा तर नियमच. विषय सिस्टर द्यायच्या. सोसायटीची टाकी कधी धुतली, जिन्यातला दिवा किती महिने बंद आहे, किल्ली कुणाच्या घरात आहे. सेक्रेटरी बनियनवर बाहेर यायचे. "सिस्टर, हळू बोला, लोक झोपलेत."

"बोलायचं हा डाक्टरांचा नियम. किती मोठ्यानं, ते कुठं लिवलेलं नाय."

महिनाभर हे चाललं. शेवटी रविवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये सभा भरली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पंचवीसेक माणसं. सिस्टरांनी सांगायचं ते सांगितलं. लोक खाली बघत बसले. ज्यांच्या घरातल्या म्हाताऱ्यांच्या नाड्या ही बाई फुकट मोजत होती, रात्री-अपरात्री इंजेक्शनं देत होती, त्यातला एक माईचा लाल तोंड उघडेना! हो म्हटलं असतं तर यांचं काय जाणार होतं?

सेक्रेटरी उठले आणि ह्यांच्याकडे बोट दाखवून मला म्हणाले, "वहिनी, तुम्हीच विचार करा. यांना वर काही झालं तर जबाबदार कोण? यांना घरीच झोपवून ठेवा. यांचं आता असंच राहणार."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तर शेजारची खुर्ची रिकामी झाली होती.

हे उठले होते. हात न टेकता. तडक जिन्याकडे गेले. आम्हाला वाटलं, अपमान होऊन घरी निघाले. मागोमाग मी, सिस्टर आणि मग अख्खी सभा. हे तिसऱ्या मजल्यावर घरात शिरले आणि खलातला लोखंडी बत्ता घेऊन बाहेर आले. पुन्हा जिना. सिस्टर मागून ओरडत होत्या, "हळू! बोल काय तरी! अरे मेल्या, बोल!" हे बोलले नाहीत. चौथा जिना संपला, समोर गच्चीचं दार. कुलूप मजबूत होतं, पण कोयंडा पावसाळे खाऊन सडलेला. दुसऱ्या घावात तो गळून पडला. दार उघडलं.

ह्यांचा चेहरा लालबुंद, शर्ट भिजलेला. मी ह्यांच्या खिशातली गोळी चाचपत होते. सिस्टरांनी ह्यांना बसू दिलं नाही. दंडाला धरून गच्चीवर सावकाश चालवलं, आणि चालवता चालवता अशा शिव्या दिल्या की चर्चमध्ये जाणाऱ्या बाईच्या तोंडून मी तशा पुन्हा ऐकल्या नाहीत. "चार मजले! एका दमात! बापाचा जिना हाय? दुखतंय काय? खरं सांग." "नाही." "चक्कर?" "नाही." पाच-सहा फेऱ्या झाल्या तेव्हा कुठे मनगट हातात घेतलं. मोजलं. मग पुन्हा मोजलं. आकडा सांगितला नाही, कठड्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या लेटरहेडवर नोटीस आली. ती मी इतक्या वेळा वाचली आहे की शब्द न् शब्द सांगते. 'आपण कालच्या सभेतून उठून विनापरवानगी सलग चार मजले चढून जाऊन बत्त्याच्या साहाय्याने गच्चीच्या दाराचा कोयंडा तोडला, हे सर्व उपस्थित सभासदांनी प्रत्यक्ष पाहिले आहे. सबब आपण हृदयरुग्ण असल्याचे जे कारण पुढे करण्यात आले होते ते खोटे असून आपली प्रकृती उत्तम आहे, यावर समितीचे एकमत झाले आहे. तरी आपणास चालण्यासाठी गच्ची देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.'

मी पदर खोचला आणि खाली निघाले. त्या दिवशी सेक्रेटरींचं काही खरं नव्हतं. पण ह्यांनी नोटीस माझ्या हातातून घेतली. एकदा वाचली. खुर्चीत बसून पुन्हा वाचली. मग हसायला लागले. तीन महिन्यांत मी ह्यांना हसताना बघितलं नव्हतं.

"अगं, एकमत झालंय म्हणतात. प्रकृती उत्तम."

"नालायक लोक!"

"नालायक आहेतच. म्हणून तर. हे लोक कशाला मला बरं वाटावं म्हणून लिहितील?"

सिस्टर आल्या. मला वाटलं, ह्या आता कागदाच्या चिंधड्या करणार. त्यांनी चष्मा लावून नोटीस वाचली, माझ्याकडे पेन मागितलं, आणि सेक्रेटरींच्या सहीखाली आपली सही ठोकली. "वॉर्डात डाक्टरच्या खाली माजी सही लागायची, तवा पेशंट सुटायचा. घे. सुटलास तू."

राजीनामा ह्यांनी माझ्यासमोर फाडला. कोयंडा पुढे कुणी बसवला नाही, आणि गच्चीवर कोण जातं हे विचारायची सेक्रेटरींची छाती झाली नाही.

पण माझा राग अजून गेलेला नाही. तीन महिने मी घसा कोरडा केला, सिस्टरांनी तीस वर्षांचं शहाणपण ओतलं, त्यावर ह्यांचा विश्वास बसला नाही, आणि बसला कशावर, तर त्या खडूस माणसाच्या नोटिशीवर! पुढच्या सोमवारी सकाळी हे बूट घालून ऑफिसला निघाले तेव्हा डबा मी हातात जवळजवळ आदळलाच. हे एकटे जिना उतरून गेले. सासूबाई शेजारी गेल्या होत्या. मी पलंगावरची चादर काढायला वाकले आणि तशीच काठावर बसले.

सिस्टर कधी आत आल्या कळलं नाही.

"झोप," त्या म्हणाल्या.

"सिस्टर, कपडे भिजवलेत, भाजी आणायची आहे..."

"झोप म्हनते ना."

त्यांनी मला हातानं धरून आडवं केलं, पंखा लावला, जेवणाच्या टेबलाची खुर्ची उचलून बाहेर नेली आणि दार ओढून घेतलं. तीन महिने ज्या बाईनं त्या घरात कुणाला आडवं होऊ दिलं नव्हतं, ती माझ्या दारात खुर्ची टाकून बसली. मला रडायचं होतं, पण तेवढाही दम उरला नव्हता. डोळे मिटता मिटता भाजीवालीची टोपली दाराशी टेकल्याचं ऐकलं, आणि मग सिस्टरांचा दबका, वॉर्डातला आवाज.

"बेलला हात लावशील तर बघ. पेशंट झोपलाय."